अण्णांची रजिस्ट्री

मी आज ज्या धंद्यावर पोट भरतो, तो मला अण्णांमुळे आला. पुण्यात टेलिकॉमची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते लॅब सांभाळायचे. प्रोग्रामर म्हणून त्यांची कुठे गणती नव्हती, पण त्यांच्या हातातली एक छोटीशी सेवा बंद पडली की आम्हा सगळ्यांचं काम ठप्प व्हायचं.

ती सेवा म्हणजे टोर्नेडोची रजिस्ट्री. विंड रिव्हर कंपनीचा टोर्नेडो १९९५ मध्ये आला. व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं सॉफ्टवेअर लिहायचं, बोर्डावर चढवायचं, तपासायचं, ते सगळं त्यात. बोर्डावर मेमरी तुटपुंजी, म्हणून तिथे फक्त एक लहानसा एजंट; सिम्बॉल टेबल, लोडर असला जड संसार आपल्या बाजूच्या मशीनवर, टार्गेट सर्व्हरकडे. प्रत्येक बोर्डाचा टार्गेट सर्व्हर वेगळा. शेल असो की डिबगर, त्याला तो सर्व्हर कुठे आहे हे आधी रजिस्ट्रीला विचारावं लागे. अख्ख्या नेटवर्कला एक रजिस्ट्री पुरायची, आणि दोन सर्व्हरांना एकच नाव मिळणार नाही हेही तीच बघायची.

अण्णांनी बोर्डांना नद्यांची नावं दिली होती: कोयना, पवना, नीरा. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते सोलारिसच्या मशीनवर ती यादी उघडत. रात्री वीज गेलेली असली की यूपीएसनंतर सगळंच झोपलेलं असे. मशीनबरोबर रजिस्ट्रीही आपोआप उठावी अशी सोय त्यांनी केली होती, पण तिच्यावर विसंबून राहत नसत. सर्व्हर मेला आणि नाव मात्र यादीत उरलं, असं दिसलं की ते नाव काढायचं, सर्व्हर पुन्हा चालू करायचा आणि शेलमध्ये ‘आय’ हे एकच अक्षर टाइप करायचं. टास्कांची यादी पडद्यावर उतरली की पुढची नदी.

मी कराडहून डिप्लोमा करून आलेला शिकाऊ. बोर्ड मोजके, तेही डिलिव्हरीवाल्यांच्या ताब्यात. टार्गेट सर्व्हर रिझर्व्ह केला की दुसऱ्याला तो वापरता येत नसे, आणि नीरा अशीच अडकून पडली होती. मी नुसतंच मॅन्युअल वाचत बसलेला पाहून अण्णा उठले आणि थेट वरिष्ठांच्या टेबलापाशी गेले.

“साहेब, नीरा तुमच्या नावावर आहे. आत्ता लागतेय का?”

“असू दे ना अण्णा. संध्याकाळी लागेल.”

“मग तोवर या पोराला देतो. सहाला तुमची तुम्हाला परत.”

मला म्हणाले, “तुझं नाव लाव. काम झालं की लगेच सोड. कुणावर मागायची पाळी येता कामा नये.” त्या दुपारी मी लिहिलेलं मोड्यूल पहिल्यांदा खऱ्या बोर्डावर चढलं. शेलमध्ये माझ्या फंक्शनचं नाव टाइप केलं आणि ते चाललं. सहाच्या ठोक्याला अण्णांनी नीरा परत घेतली. दुसऱ्या दिवशी न मागता पुन्हा दिली.

पवनाला मात्र ते कुणालाच हात लावू देत नसत. ग्राहकाकडे गेलेलं हार्डवेअर, तीच आवृत्ती, तिच्यात काडीचा बदल नाही. चांगला बोर्ड अडवून ठेवलाय म्हणून वाद झाले. अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं: मार्स पाथफाइंडर. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या त्या यानातही व्हीएक्सवर्क्सच होतं. काही दिवसांत यान मध्येच रीसेट होऊ लागलं. कमी प्राधान्याच्या हवामानाच्या टास्कने म्यूटेक्स धरलेला, जास्त प्राधान्याचं टास्क त्यासाठी ताटकळलेलं, आणि मधल्या प्राधान्याची टास्कं प्रोसेसर सोडायला तयार नाहीत. शेवटी वॉचडॉग सगळंच रीसेट करायचा. जेपीएलच्या इंजिनिअरांनी हे पकडलं ते पृथ्वीवर राखलेल्या प्रतिकृतीवर. प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केल्यावर दोष गेला. “ती प्रतिकृती कुणी दुसऱ्या कामाला नेली असती तर?” अण्णा विचारत. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. पुढे आमच्या ग्राहकाकडचा एक दोष, जो दुसऱ्या कुठल्याच बोर्डावर दिसेना, तो पवनावर पहिल्याच रात्री दिसला.

अण्णा निवृत्त झाले आणि रजिस्ट्री माझ्याकडे आली. नंतर टोर्नेडोच्या जागी वर्कबेंच आलं, साधनं बदलली. आज माझ्याकडे मोठी लॅब आहे, बोर्डांचं रिझर्वेशन ब्राउझरमधून होतं. नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात बोर्ड मिळतोच, आणि तो मिळवून द्यायला मी स्वतः उठतो.

तुमच्या लॅबमध्ये अशी सेवा राखणारं कुणी असेल, तर त्यांचं हे काम वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात लिहा. अण्णांच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. निवृत्त झाले तेव्हाही त्यांचं पद लॅब असिस्टंटचंच होतं.