टाचणवही

बायकोने माहेराहून काय काय आणले, असे कोणी मला विचारले, तर मी पितळेच्या घागरीचे किंवा शिसवी पाटांचे नाव घेणार नाही. मी एकच वस्तू सांगेन : दाभण. गोण्या शिवायची ती जाड सुई. सासऱ्यांचे किराणा मालाचे दुकान होते आणि तिथली ही सुई मुलीने हट्टाने मागून आणली होती. नव्या नवरीच्या ट्रंकेत शालूच्या घडीत दाभण पाहून माझी आई चांगलीच दचकली होती. मुलगी फार शिकलेली आहे, एवढेच तिच्या कानावर होते.

आमचे लग्न 1978 सालच्या डिसेंबरातले. त्याच जूनमध्ये ही दादरच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. मी सरकारी कचेरीत हिशेब तपासत असे. बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांचे. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात एका दुपारी घरी येऊन पाहतो तो बाईसाहेब जमिनीवर फतकल मारून बसलेल्या. भोवती पुठ्ठे, लुगड्याच्या चिंध्या, जुन्या लग्नपत्रिका, शर्टाची बटणे. आणि स्टोव्हवर पातेल्यात काहीतरी पांढरे रटरटत होते.

"खीर वाटतं?" मी पळी उचलीत विचारले.

"हात लावू नका!" ही ओरडली. "त्यात मोरचूद आहे!"

ती खळ होती. चार चमचे मैदा, पेलाभर पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. संसाराच्या पहिल्याच उन्हाळ्यात विषबाधेतून वाचलेला मी बहुधा एकटाच कारकून असेन.

ज्यांच्या घरात शिक्षक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. शिक्षकाला वर्गात जाण्यापूर्वी त्या दिवशी काय शिकवणार ते लिहून ठेवावे लागते. तारीख, तासिका, विषय, घटक, लागणारे साहित्य, गृहपाठ, असे रकाने. आरंभी वर्षाचे नियोजन, मग महिन्याचे, मग रोजचे. ठरल्या दिवशी मुख्याध्यापक त्यावर सही करतात. मनात आले तर शेराही मारतात. हीच टाचणवही. हिला मिळणाऱ्या छापील वहीचा कागद पातळ आणि तिला दोन तारा मारलेल्या. पावसाळ्यात लोकलमधून चार वेळा गेली की गणपतीपर्यंत तिची पाने आणि तारा यांचा घटस्फोट होई.

"टाचणवही म्हणतात ना? मग टाचायला नको?" असे हिचे म्हणणे. ही छापील वहीच्या तारा उपटून काढी. पाने सारखी करी, मध्ये कोरे कागद घाली, घडीवर पाच भोके पाडी आणि मेणबत्तीवर घासलेल्या गोधडीच्या दोऱ्याने जुजबंदीसारखे टाके घाली. मग पुठ्ठा. त्यावर तिच्या आईच्या इरकली लुगड्याचे कापड, चारी बाजूंनी दोन दोन बोटे जास्त ठेवून, कोपरे तिरपे कापून. खळ कापडाला लावायची नाही, पुठ्ठ्याला लावायची. नाहीतर डाग बाहेर येतो. मग रात्रभर पाट्याखाली दाब. सकाळी वही अशी ताठ उठे, की जणू पोलिसात भरती झाली आहे.

आणि मग सुरू होई नटवणे. लग्नपत्रिकांच्या पाकिटांचे खिसे आतल्या अस्तराला चिकटत. त्यांत मुलांच्या सुट्टीच्या चिठ्ठ्या, खडूचा तुकडा, एक सुई आणि दोन पिना. महिन्यांच्या खुणांसाठी पोस्टकार्डाच्या चौकोनी पट्ट्या, कडेने पायऱ्यांसारख्या लावलेल्या. पेन अडकवायला इलास्टिकचा फास. हे इलास्टिक पुढे आमच्या मुलीच्या चड्डीतले असे, आणि ते चड्डीला अजून हवे होते हे उशिरा कळे. खुणेची फीत म्हणून लुगड्याचा काठ, त्याच्या टोकाला काचेचा मणी. वही बंद करायला माझ्या शर्टाचे बटण. कचेरीत मी कित्येकदा खालचे बटण नसलेला शर्ट विजारीत खोचून बसलो आहे. शिक्षणासाठी एवढा त्याग गोखल्यांनंतर मीच केला असेन!

सुट्ट्यांच्या तारखा मात्र कालनिर्णयातून कापलेल्या हव्यात. शाळेचे वर्ष जूनचे आणि दिनदर्शिकेचे जानेवारीचे. म्हणजे भिंतीवरच्या प्रतीला कात्री लावली तर घरातली संकष्टी जाई. म्हणून आमच्याकडे दरसाल दोन प्रती येत. एक भिंतीसाठी, एक कात्रीसाठी. यावर मी दरसाल बोलत असे.

बोलायला विषय आणखीही होते. शेवटच्या पानावर वर्गातल्या मुलांची नावे असत आणि काही नावांपुढे ही सुईने रेशमाच्या बारीक गाठी मारी. लाल, पिवळ्या, हिरव्या. "चौथीच्या पोरांचा रुखवत मांडला आहेस!" असे मी म्हणे. ही हसे आणि दोरा तोडी. आणखी एक गोष्ट म्हणजे हिचा डबा. एका बारीक चणीच्या बाईला सात पोळ्या लागतात, हे मला हिशेबनीस या नात्याने कधीच पटले नाही. "भूक लागते उभं राहून," एवढेच उत्तर मिळे.

1994 च्या मे महिन्यात आम्ही डोंबिवलीला स्वतःच्या जागेत गेलो. सामान हलवण्याचे खाते माझ्याकडे होते. ही शाळेत निकालाच्या कामात होती. माळ्यावर एका धुतलेल्या चादरीत बांधलेले गाठोडे निघाले : सोळा वर्षांच्या सोळा टाचणवह्या. झालेले धडे, गेलेल्या तासिका, वर्ष संपलेले! कचेरीत मुदत संपलेली कागदपत्रे आम्ही नियमाप्रमाणे नष्ट करीत असू. मी तोच नियम लावला. रद्दीवाल्याने पुठ्ठे जड म्हणून कुरकुर केली; मी त्याच्याशी भावावरून हुज्जत घातली आणि जिंकलो. संध्याकाळी त्या पैशांत आम्ही सगळ्यांनी उसाचा रस घेतला. हीसुद्धा प्यायली.

नव्या घरात आठवडाभराने हिने विचारले, "अहो, माझ्या वह्यांचं गाठोडं कुठल्या खोक्यात आहे?"

मी सांगितले. ही काहीच बोलली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. भांडणाला माझ्यापाशी उत्तरे तयार होती. त्या जूनमध्ये हिने शाळेतून मिळालेली वही आणली, तिला खाकी कागद घातला, वर नाव लिहिले आणि पिशवीत टाकली. कालनिर्णयाची एकच प्रत आली. माझ्या शर्टांची बटणे जागच्या जागी राहिली. घरात एवढी शिस्त आल्याचे मला समाधान वाटायला हवे होते. ते वाटले नाही.

तीन वर्षे अशी गेली. 1997 च्या उन्हाळ्यात, एका रविवारी, पेढ्यांचा पुडा घेऊन एक तरुण दारात उभा राहिला. रेल्वेत नोकरी लागली होती. पत्ता शोधीत आला होता. हिच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "बाई, ओळखलंत?"

हिने क्षणभर माळ्याकडे पाहिले. गिरगावात असताना असा कोणी आला, की ही गाठोडे काढी, त्या सालची वही उघडी आणि नावावर बोट ठेवून त्याचे सगळे सांगे. आता डोंबिवलीच्या त्या माळ्यावर फक्त पाण्याची टाकी होती.

"चेहरा ओळखीचा आहे रे..." ही म्हणाली.

"1983 ची बॅच, बाई. चौथी ब. माझ्या नावापुढे हिरवी गाठ होती."

ही एकदम गप्प झाली. "तुला काय ठाऊक?"

"आम्हाला सगळं ठाऊक होतं, बाई. लाल गाठ म्हणजे फळ्यावरचं दिसत नाही, त्याला पहिल्या बाकावर बसवायचं. पिवळी म्हणजे घरी अभ्यास घेणारं कोणी नाही, त्याला शाळा सुटल्यावर अर्धा तास. आणि हिरवी म्हणजे डबा नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही म्हणायचा, 'अरे, मला आज फार झालंय, जरा मदत करा.' हिरव्या गाठीवाले आम्ही तिघं होतो. तुम्हाला वाटायचं आम्हाला कळत नाही." तो हसला. मग जरा संकोचून म्हणाला, "बाई, ती वही आहे का हो? एकदा बघावीशी वाटते. ती गाठ."

मी खुर्चीवरून उठलो आणि चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. मला चहा करता येत नाही, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, हे नशीब. आतून मला हिचा आवाज ऐकू आला. अगदी रोजचा, साधा.

"घर बदलताना गहाळ झाली रे. सामानच इतकं होतं!"

मी पोळ्यांच्या डब्याकडे पाहत उभा राहिलो. सातातून तीन वजा केल्या की चार उरतात. आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या माणसाला ही वजाबाकी करायला एवढी वर्षे लागली.

तो गेल्यावर मी विचारले, "गाठीच का? सरळ लिहून का नाही ठेवलंस?"

"टाचणवही टेबलावर पडलेली असते," ही म्हणाली. "मुख्याध्यापक बघतात, दुसऱ्या बाई बघतात, मुलं तर डोकावतातच. 'याला डबा नाही' असं लिहिलं, तर त्या पोराला ते वर्षभर पुरलं असतं. नक्षी कोणी वाचत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हीसुद्धा नाही वाचलीत."

त्याच मे महिन्यात ही बहिणीकडच्या लग्नाला आठवडाभर गेली. मी रजा काढली. फडके रोडवरून सात रंगांच्या रेशमाच्या गुंड्या आणल्या. आदल्या वर्षीची उरलेली एक कोरी वही कपाटात होती, ती घेतली. इरकली लुगडे केव्हाच संपले होते, म्हणून माझे लग्नातले जरीकाठी उपरणे कापले. खळीच्या पहिल्या पातेल्यात गुठळ्या झाल्या, दुसरे पातेले करपले, तिसरे जमले. दाभणाने चार वेळा बोट टोचले, तेव्हा पाच भोके पडली. रात्री वहीवर पाटा ठेवला आणि पहाटेपर्यंत दोनदा उठून पाहून आलो.

ही परत आली. वही हातात घेतली, उलटसुलट केली, नखाने टाका ओढून पाहिला. पेपर तपासताना करते तसाच चेहरा. म्हणाली, "पुठ्ठा उलटा लागलाय. वही डावीकडून मिटते आणि उजवीकडून उघडते."

"हं."

"उपरणं कापलंत?"

"हं."

"टाके मात्र घट्ट आहेत," ही म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आत गेली. वही तिने वर्षभर तशीच, उलटी वापरली. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर एका रात्री हिने शेवटचे पान माझ्यापुढे सरकवले, सुई दिली आणि चार नावांवर बोट ठेवून म्हणाली, "हिरव्या." मी गाठी मारल्या. मग म्हणालो, "उद्यापासून एक पोळी जास्त लाट." हिच्या डब्याविषयी मी काढलेले हे शेवटचे उद्गार.

ही 2014 साली निवृत्त झाली. मुलगी ठाण्याच्या एका शाळेत शिकवते. तिच्यासाठी बाजारात सारे काही तयार मिळते : आखलेली वही, चिकटवायची चित्रे, रंगीत खुणा, वाशी टेप नावाची नक्षीची कागदी चिकटपट्टी. मला ती नव्या मुंबईतल्या वाशीची वाटली होती. ती जपानातली निघाली. हे सगळे ती आणते, पण मे महिना आला की ती वही घेऊन आमच्याकडे येते आणि विचारते, "बाबा, दाभण कुठं आहे?" बांधणी आता माझ्याकडे असते. पुठ्ठा सुलटा लावतो.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये वर्ग मोबाईलवर भरू लागले. वही निरुपयोगी झाली, असे मला वाटले. टाळेबंदी सैल झाल्यावर मुलगी घरी आली, शेवटचे पान उघडून आईपुढे बसली आणि म्हणाली, "आई, एक नवा रंग हवा. घरात मोबाईल नाही, किंवा एकच आहे आणि तो वडील कामावर नेतात, अशी अकरा मुलं आहेत. त्यांना रात्री उशिरा फोन करून शिकवायचं आहे."

हिने माझ्याकडे पाहिले. सात गुंड्यांपैकी निळी अजून कोरी होती. त्या रात्री मी अकरा गाठी मारल्या.

परवा दिवाळीच्या सामानाबरोबर पुढल्या वर्षीचे कालनिर्णय घ्यायला गेलो. दुकानदाराने काही न विचारता दोन प्रती पुढे केल्या. मी दोन्हींचे पैसे दिले, आणि भावावरून एक अक्षर बोललो नाही.