देडतलाईचा रस्ता आणि डुलणारं ओझं

बुऱ्हाणपूरहून खकनारमार्गे धारणीकडे निघालं, की महाराष्ट्राची हद्द लागण्याआधी देडतलाई येतं. जिल्हा बुऱ्हाणपूर, राज्य मध्य प्रदेश. पण चहाच्या टपरीवर हिंदी, निमाडी, मराठी आणि कोरकू अशा चार भाषा एकाच बाकावर बसलेल्या असतात. बुऱ्हाणपूर जिल्हा तसा नवा. १५ ऑगस्ट २००३ रोजी तो खंडवा जिल्ह्यातून वेगळा झाला. देडतलाईच्या पुढे धारणी, मग हरिसाल, सेमाडोह आणि घाट उतरून परतवाडा. म्हणजे सगळा मेळघाट ओलांडून आपण वऱ्हाडात उतरतो.

पर्यटकांच्या यादीत देडतलाईचं नाव नसतं. मंडळी असीरगड बघतात, बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा बघतात, दराबा आणि मावा-जिलेबी खातात आणि परत फिरतात. पण या रस्त्यावर अर्धा तास नुसतं उभं राहिलं, तरी बघण्यासारखं पुष्कळ आहे. बुऱ्हाणपूरची केळी, नवलसिंह सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यातला ऊस आणि दोन्हीकडच्या काळ्या जमिनीतला कापूस. हंगामात हा सगळा माल रस्त्यावर असतो, आणि तो ज्या गाड्यांवर असतो त्या गाड्या डुलत असतात.

त्या डुलण्याबद्दलच इथे लिहायचं आहे. कारण आपल्या मंडळातली बरीच तरुण मुलं आता सुट्टीत पिकअप ट्रकला कॅम्पर जोडून, किंवा पिकअपच्या पाठीवरच कॅम्पर चढवून, आठ-दहा दिवस बाहेर पडतात. हमरस्त्यावर शेजारून मोठा ट्रेलर गेला की मागचं घर हलतं आणि स्टिअरिंगवरचे हात घट्ट होतात. त्यावरचा निम्माअधिक इलाज देडतलाईच्या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी बघता येतो.

आधी एका शब्दाची गंमत. तुम्ही ‘कॅम्पर’ म्हणता तेव्हा स्वयंपाकघर आणि पलंग असलेलं फिरतं घर डोळ्यांसमोर येतं. इकडे ‘कॅम्पर आली’ म्हटलं, तर ती महिंद्राची बोलेरो कॅम्पर असते: पुढे दोन रांगांत माणसं आणि मागे मालाचा हौदा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे मेळघाटाच्या वाटेवर फिरती घरंही पुढेमागे दिसू लागतील. नाव काही असो, ओझं आणि रस्ता यांचं नातं दोन्हीकडे एकच.

डुलण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. पहिला प्रकार ओझं पाठीवर असतानाचा. केळीचे घड हौद्याच्या कठड्याच्या वर रचलेली पिकअप वळण घेते, तेव्हा ती बाहेरच्या बाजूला कलते, मग सावरताना दुसऱ्या बाजूला कलते. इथे प्रश्न उंचीचा आहे. चाकांमधलं अंतर तेवढंच राहतं आणि वजन मात्र वर वर चढत जातं. याच भागातल्या तुकईथड आणि धुळघाटवरून जाणाऱ्या अकोला-खंडवा मीटरगेज गाडीतून ज्यांनी प्रवास केला, त्यांना हे अंगाने ठाऊक आहे. मीटरगेजच्या दोन रुळांत अंतर १ मीटर, ब्रॉडगेजमध्ये १.६७६ मीटर. पायाच अरुंद, म्हणून वरचा डबा जास्त झुलायचा.

पिकअपच्या पाठीवर बसवलेल्या कॅम्परचं तसंच होतं. त्याचं बरंचसं वजन चालकाच्या डोक्याच्याही वर असतं. इलाज ओळीने सांगायचे, तर पहिला इलाज वजनाचा. गाडीच्या कागदपत्रांत एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. तिच्यात गाडी, कॅम्पर, पाणी, गॅस, सामान आणि आत बसलेली माणसं असं सगळं धरायचं. दुसरा इलाज जागेचा: जड वस्तू खाली, आणि कॅम्परच्या वजनाचा मध्य मागच्या चाकांच्या आसाच्या थोडा पुढे. तो आसाच्या मागे गेला, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. तिसरा इलाज टायरचा: भार सोसणाऱ्या कडक बाजूंचे टायर आणि थंड टायरमध्ये मोजून भरलेली हवा. हे तिन्ही झाल्यावरच गाडीच्या पाट्यांकडे वळायचं. वाकलेल्या पाट्यांना जादा पाटा किंवा हवेची पिशवी देता येते, थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलता येतात आणि मागच्या आसाला कलणं रोखणारा जाड दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, बसवता येतो. मात्र यातल्या एकाही गोष्टीने कागदावरची वजनमर्यादा वाढत नाही.

दुसरा प्रकार ओझं मागे ओढतानाचा. ट्रॅक्टरमागे उसाची ट्रॉली जाते, तेव्हा ट्रॅक्टर सरळ असतो आणि ट्रॉलीचं शेपूट डावी-उजवी करत असतं. पाठीवरचं ओझं कलतं. मागचं ओझं असं शेपटासारखं हलतं. त्यात ऊस ट्रॉलीपेक्षा लांब आणि मागे बराच बाहेर आलेला असेल, तर हलणं वाढतं. मागे आणखी एक ट्रॉली जोडलेली असेल, तर पुढच्या ट्रॉलीचा छोटा हेलकावा दुसरीपर्यंत पोचताना मोठा होतो. आगगाडीचा खेळ खेळताना शेवटच्या मुलाची जी फरपट होते, तीच ही.

यावर आपल्या भाषेत एक जुना, नेमका शब्द आहे: उलार. बैलगाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला, की गाडी उलार होते. धुरा वर उचलला जातो आणि जू बैलांच्या मानेवरून उठायला बघतं. माल पुढे जास्त झाला, तर उलट सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. गाडी भरणारा शहाणा माणूस म्हणून पोती आसाच्या किंचित पुढे झुकती ठेवायचा: बैलांच्या मानेला जू टेकलेलं राहील इतपत, पण मान दबणार नाही असं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वऱ्हाडात बंडी भरताना पोरासोरांनाही हे कळत असे.

आज अमेरिकेत कॅम्परच्या पुस्तिकेत ‘टंग वेट’ म्हणून जे लिहिलेलं असतं, ते हेच. ट्रेलरचा पुढचा दांडा पिकअपच्या हुकावर किती भार टाकतो, त्याचं ते माप. तिकडचा नेहमीचा नियम असा, की हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. म्हणजे ३,००० किलोच्या कॅम्परसाठी ३०० ते ४५० किलो. ब्रिटनमध्ये हलक्या कॅराव्हॅनसाठी ५ ते ७ टक्के सांगतात, कारण तिथली बांधणी आणि वेग दोन्ही वेगळे. आपण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते पाळायचं.

पुढे वजन का हवं, हे बाणावरून पटकन कळतं. बाणाचं टोक जड असतं आणि पिसं मागे असतात, म्हणून तो सरळ जातो. ट्रेलरमध्ये पिसांचं काम चाकं करतात. वजन चाकांच्या पुढे असेल, तर शेपूट थोडं हललं तरी चाकं त्याला पुन्हा रांगेत आणतात. वजन मागे गेलं, की तीच चाकं त्याला आवरू शकत नाहीत.

आता एक हिशेब करून बघू, म्हणजे सहज ठेवलेल्या सामानाने काय होतं ते दिसेल. समजा, कॅम्परचं वजन २,८०० किलो आणि हुकावरचा भार ३१० किलो, म्हणजे ११ टक्के. उत्तम. आता आसामागे दीड मीटरवर असलेल्या टाकीत १५० लिटर पाणी भरलं. हुक आसापुढे ५ मीटरवर आहे, म्हणून हुकावरचा भार ४५ किलोंनी कमी झाला. मग आसामागे ४ मीटरवर, अगदी मागच्या कडेला, ५० किलोंच्या सायकली टांगल्या. आणखी ४० किलो गेले. एकूण वजन झालं ३,००० किलो आणि हुकावर उरले २२५ किलो, म्हणजे साडेसात टक्के. दोन साध्या गोष्टींनी गाडी उलार झाली. शिवाय दोन्ही टोकांना वजन असलं, की एकदा सुरू झालेला हेलकावा लवकर थांबत नाही. म्हणून जड सामान आसाच्या जवळ, जमिनीलगत आणि किंचित पुढे.

हे नुसत्या अंदाजाने ठरवू नये. बुऱ्हाणपूरकडे मालाची गाडी धरमकाट्यावर चढवतात, तशी अमेरिकेत ट्रक थांब्यांवर काट्यांची सोय असते. कॅम्पर पिकअपला जोडून फक्त त्याची चाकं काट्यावर घ्यायची. मग कॅम्पर सोडवून, एकट्याचं पूर्ण वजन घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार.

कापसाची गाडी तिसरी गोष्ट शिकवते. कापूस हलका, पण त्याचा ढीग गाडीच्या रुंदीबाहेर फुगलेला. समोरून बस भरधाव गेली, की हवेचा लोट त्या ढिगावर आदळतो. कॅम्परच्या सपाट, उंच भिंती अशाच वारा खातात. मोठा ट्रक मागून येताना आधी शेपूट बाहेर ढकलतो आणि पुढे जाताना आत ओढतो. म्हणून ट्रक जवळ येताना दिसला, की लेनच्या मध्यापासून किंचित दूर सरकावं, वेग वाढवू नये.

वेग हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. प्रत्येक जोडगाडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली हेलकावा आपोआप विरतो, त्याच्या वर तो वाढत जातो. ट्रॅक्टरची ट्रॉली इतकी वेडीवाकडी भरूनही बहुतेक वेळा घरी पोचते, याचं एक कारण तिचा कमी वेग. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे, ती उगीच नाही.

खरी परीक्षा उतारावर. देडतलाईहून धारणी-सेमाडोह करत परतवाड्याकडे जाताना सातपुड्याचा घाट लागतो. चढावर ओझं मागे खेचतं. ते त्रासाचं असलं तरी गाडी ताणून सरळ ठेवतं. उतारावर तेच ओझं मागून ढकलू लागतं. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणं म्हणजे मागच्या ओझ्याच्या हाती गाडी देणं. ब्रेक सतत दाबून ठेवले, तर तापून निकामी होतात. थोडा वेळ ठाम दाबून सोडावेत. आणि कॅम्परला स्वतःचे ब्रेक असायलाच हवेत.

एवढं करूनही शेपूट हलू लागलं तर? हात सरळ धरून स्टिअरिंग स्थिर ठेवायचं. प्रत्येक हेलकाव्याला उलट वळवून उत्तर देऊ नये. आपलं उत्तर उशिरा पोचतं आणि हेलकाव्याला भर घालतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढायचा. पिकअपचे ब्रेक करकचून दाबायचे नाहीत. कॅम्परच्या ब्रेकचं हातानं चालवायचं बटण असेल, तर फक्त तेच हळूहळू दाबायचं, म्हणजे मागची गाडी मागे खेचली जाऊन रांग ताणली जाते. वेग वाढवून सरळ होईल, या आशेवर राहू नये. मग सुरक्षित जागी थांबून सामान पुन्हा लावायचं.

बाजारात साधनं पुष्कळ मिळतात. हुकावरचा भार पुढच्या चाकांपर्यंत वाटणारे दांडे, घर्षणाने हेलकावा दाबणारे दांडे आणि जोड थेट मागच्या आसाच्या वर आणणारी ‘फिफ्थ व्हील’ रचना. शेवटची सगळ्यात स्थिर, मोठे ट्रेलर तशाच जोडाचे असतात. ही साधनं चांगली आहेत, जरूर घ्यावीत. पण उलार भरलेली गाडी त्यांच्या भरवशावर सोडली, तर ती रोग झाकतात, बरा करत नाहीत.

देडतलाईच्या रस्त्यावर हे सगळं महत्त्वाचं का, ते संध्याकाळी कळतं. बाजारातून पाठीवर सामान घेऊन परतणाऱ्या कोरकू बाया, शाळेची पोरं, सायकली, गुरं, सगळे त्याच डांबराच्या कडेने चालतात. अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॉली आणि तिच्या बाहेर आलेला ऊस यांच्याशी त्यांची गाठ असते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठेवला. बाहेर आलेल्या मालासाठीही २०,००० रुपये. दंड झाला तर तो गाडीवाल्याला होतो. हेलकाव्याचा फटका मात्र कडेने चालणाऱ्याला बसतो. तुमच्या हमरस्त्यावरही शेजारच्या लेनमध्ये कुणाचं तरी कुटुंब असतंच.

तेव्हा पुढच्या सुट्टीत निघण्याआधी घरातल्या मुलांनाच हे काम द्या. एकाने टायरची हवा मोजावी, एकाने हुकाची पिन, साखळ्या आणि मागचे दिवे तपासावेत, एकाने सामान कुठे ठेवलं त्याचा नकाशा काढावा. आजी-आजोबा घरी असतील, तर त्यांना एकदा विचारा, ‘उलार’ म्हणजे काय. बंडीची गोष्ट ऐकायला मिळेल आणि हुकावरचा भारही पक्का लक्षात राहील. आणि कधी बुऱ्हाणपूरहून मेळघाटात उतरलात, तर देडतलाईला चहाला थांबा. समोरून जाणारी प्रत्येक गाडी कशी भरली आहे, हे तुम्हाला आता वाचता येईल.