तान्ह्या पोळ्यापासून तान्ह्या पोळ्यापर्यंत

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा. हा मुलांचा पोळा लाकडी बैलांचा. नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसऱ्या रघूजीराजांच्या काळात ही प्रथा सुरू झाली, असे सांगतात. आठवडाभर आधीपासून इतवारी आणि महाल भागात रस्त्याच्या कडेला लाकडी बैल मांडलेले दिसू लागतात. काही तळहातावर मावतील एवढे, तर काही मुलाच्या खांद्याला लागतील एवढे. पायांखाली चाके, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. मुले नवे कपडे घालून दोरीने बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. कोणी नाणे देतो, कोणी नोट, कोणी खाऊ.

गेल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला आमचा मुलगा २० महिन्यांचा होता. तो माझ्या कडेवर होता आणि त्याचा बैल मीच ओढत होते. इतवारीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुलांची रांग लागली होती. त्याच्याहून दोन महिन्यांनी लहान असलेली शेजारची मुलगी ‘बैल, बैल’ म्हणत टाळ्या वाजवत होती. आमचा मुलगा सारे टक लावून पाहत होता. पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. ‘आ’ एवढे एकच अक्षर त्याच्यापाशी होते. त्याचा अर्थ आई, आजी, आंबा यांपैकी काहीही असू शके. त्याच्या मुठीत बोजाऱ्याचे दहा रुपये ठेवताना ओळखीच्या एका काकूंनी मायेनेच विचारले, “बोलत नाही का गं हा अजून?” प्रश्नात वावगे काही नव्हते. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच दिवशी आमच्या भागातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. शहरातली रोगराई, इडापीडा मारबतीने आपल्याबरोबर घेऊन जावी, अशी लोकांची विनवणी असते. त्या गर्दीत मीही उभी होते. माझी पीडा मात्र मारबतीने नेली नाही, कारण मी ती तिला दिलीच नव्हती. ती मी घट्ट धरून ठेवली होती.

पुढच्याच आठवड्यात आम्ही मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी सर्वांत आधी श्रवणाची तपासणी करायला सांगितले. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते लिहीत नाही. ऐकू अगदी व्यवस्थित येत होते. मग डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, “जेवताना काय करतो?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. जेवताना तो मोबाइल पाहत असे. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि त्यानंतरही दिवसाला तासाभराहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितले आहे. आम्हाला ते ठाऊक नव्हते असे नाही. पण घास लवकर जात होता, एवढे खरे.

उशिराचे कारण मोबाइलच, असे काही डॉक्टर म्हणाले नाहीत. काही मुले उशिराच बोलतात, असे ते म्हणाले. हाक मारली की तो वळून पाहतो, हवे ते बोटाने दाखवतो, सांगितलेले त्याला समजते, या तिन्ही गोष्टी त्यांना चांगल्या वाटल्या. “त्याच्याशी बोला. बाहेर न्या. दिसेल त्याचे नाव सांगा. आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.” औषधाच्या चिठ्ठीवर औषध नव्हतेच.

म्हणून दर रविवारी आम्ही नागपूर पाहायला निघू लागलो. मी याच शहरात वाढले. पण ते कोणाला तरी नावानिशी सांगायचे आहे म्हणून कधी पाहिले नव्हते. अग्रसेन चौकातून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि पुढच्याच स्थानकावर, झीरो माइलला उतरायचे, हा आमचा ठरलेला मार्ग झाला. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसले की मी म्हणे, “हे रूळ.” झाड आले की “हे झाड.” समोरचे प्रवासी हसत. पहिल्या दोन रविवारी मला संकोच वाटला, नंतर वाटेनासा झाला.

झीरो माइलचा तो वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याजवळचे चार घोडे नागपूरकरांना सांगायला नकोत. इंग्रजी अमदानीत भूमापनासाठी हे ठिकाण ठरवले गेले. तिथल्या मोजणीच्या दगडावर १९०७ हे साल आहे. इथून हैदराबाद किती मैल, जबलपूर किती मैल, छिंदवाडा किती, हे स्तंभावर कोरलेले आहे. आमच्या मुलाला मैलांशी कर्तव्य नव्हते. त्याला घोडे हवे होते. कितीतरी रविवार मी “घोडा, घोडा” म्हणत राहिले आणि तो मुकाट्याने पाहत राहिला. दिवाळीनंतरच्या एका सकाळी, मी काही बोलण्याआधीच, त्याने बोट उगारले आणि म्हटले, “घोआ.”

मी तिथेच खाली बसले.

बालविकासाच्या पुस्तकांतही मैलाचे दगड असतात. बसणे, रांगणे, चालणे, बोलणे, प्रत्येकाला महिना ठरलेला. पण ती पुस्तके नीट वाचली तर कळते की तिथे एक महिना नसून महिन्यांचा मोठा पट्टा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह काही देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला. त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. एकाच गल्लीतली दोन निरोगी मुले या बाबतीत एकमेकांपासून नऊ महिने दूर असू शकतात. शेजारच्या मुलीचे अंतर तिच्या झीरो माइलपासून मोजायचे आणि आमच्या मुलाचे त्याच्या. हे तेव्हा समजले असते, तर कितीतरी रात्री शांत झोप लागली असती. मात्र शंका आली की तपासून घ्यावे, आणि येत असलेले शब्द मूल विसरू लागले किंवा हाकेला प्रतिसाद देईनासे झाले तर एक दिवसही थांबू नये, हेही तितकेच खरे.

थंडीत संत्र्यांच्या हातगाड्या रस्त्यावर आल्या. संत्रे सोलून एकेक फोड हातावर ठेवताना “ही तुला, ही आजीला, ही बाबांना” असे मी म्हणत असे. माघात एकदा तो स्वतःच फोड उचलून सासूबाईंच्या तोंडाशी नेत म्हणाला, “आजी.” त्या ‘आ’चा अर्थ आता शोधावा लागत नव्हता.

फाल्गुनात आम्ही रामटेकला गेलो. नागपूरहून सुमारे ५० किलोमीटर. आधी शांतिनाथ भगवंतांचे दर्शन घेतले. कायोत्सर्गात उभ्या असलेल्या त्या भव्य मूर्तीसमोर तो मान वर करून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “देव उभा.” दोन शब्द जोडून बोललेले त्याचे हे पहिले वाक्य. कायोत्सर्ग म्हणजे काय, हे मलाही याहून सोपे सांगता आले नसते.

मग गडाच्या पायऱ्या चढताना माकडे पाहण्याच्या नादात तो पडला. गुडघा खरचटला. अशा वेळी आपण पायरीला चापट मारतो आणि ‘हात् रे पायरी’ म्हणून मुलाची समजूत घालतो. सासूबाईंनी तसे केले नाही. त्यांनी आधी त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवला, “लागलं का रे?” मग पायरीवरूनही तसाच हात फिरवला, “हिलाही लागलं असेल, नाही का?” तो रडता रडता थांबून पायरीकडे पाहू लागला. मला गंमत वाटली आणि मी ते विसरूनही गेले.

वैशाखातल्या उन्हाने आम्हाला घरात कोंडले. कूलरचा आवाज, वाळ्याचा ओला वास आणि दिवसभर त्याची बडबड. मी शब्दांची वही ठेवली होती. पन्नासावा शब्द ‘कूलर’ होता. शंभरानंतर मी मोजणे सोडले.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला तो ३२ महिन्यांचा होता. कडेवर यायला तयार नव्हता. दोरी त्याच्या हातात आणि मी चार पावले मागे. त्याच गल्लीच्या तोंडाशी, त्याच काकूंनी बोजारा देत विचारले, “कोणाचा रे बैल?” “माझा!” त्या हसल्या आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. वर्षभर मी ज्या क्षणाची वाट पाहिली, तो हा असेल असे मला वाटले होते.

पण तो क्षण पुढे आला. रस्त्यातल्या खड्ड्यात बैलाचे चाक अडकले आणि बैल आडवा झाला. मुलगा मागे वळला, खाली बसला, बैलाच्या लाकडी पायावरून हात फिरवत म्हणाला, “लागलं का रे?”

कोणत्याही तक्त्यात हा टप्पा लिहिलेला नाही. माझ्या वहीतही नव्हता. त्याला किती शब्द येतात, हे मी मोजत होते. त्याने कोणते शब्द उचलले, हे पाहायचे राहून गेले होते. मी दिलेले घोडा, झाड, रूळ त्याने घेतलेच. पण आजीचे ते तीन शब्द कोणी शिकवले नव्हते. ते घरात बोलले गेले, एवढेच.

दशलक्षण पर्व चार दिवसांवर आले होते. सासूबाईंची घरात आवराआवर चालली होती. पर्वानंतर क्षमावाणीला आपण लहानथोर सर्वांची क्षमा मागतो. यंदा मी आधी मुलाची मागणार आहे, त्याला दुसऱ्याच्या मापाने मोजल्याबद्दल. त्याला त्यातले काही कळणार नाही. कदाचित तो माझ्याच हातावरून हात फिरवून विचारेल, लागलं का म्हणून.