वीज गेल्यावर किती तास?

इनव्हर्टर घेताना घरात जेवढी चर्चा होते, तेवढी तो बसवल्यानंतर कधीच होत नाही. तो कोपऱ्यात गुणगुणत असतो, वीज गेली की पंखे फिरतात आणि घरातली सगळी निर्धास्त असतात. बॅटरी मात्र दर उन्हाळ्यात थोडी थोडी म्हातारी होत असते आणि ते तिच्या तोंडावर दिसत नाही.

रायपूरच्या तात्यापारा भागातल्या एका मराठी कुटुंबात हा प्रश्न निकडीचा झाला तो सासऱ्यांच्या आजारपणामुळे. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा फुप्फुसांच्या जुन्या विकाराने थकले होते. डॉक्टरांनी रात्री झोपताना ऑक्सिजन द्यायला सांगितला आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र घरी आले. छत्तीसगडमध्ये विजेचा तुटवडा फारसा नाही, कोरब्याची वीज परराज्यांत जाते. पण एप्रिल-मेमध्ये आंधी आली आणि एखादे झाड तारांवर कोसळले, की रात्रीचे कित्येक तास अंधारात जातात.

मुलगा निश्चिंत होता. ‘‘अगं, मागच्या आंधीत दोन्ही पंखे रात्रभर चालले की!’’ तो बायकोला म्हणाला. ती शाळेत विज्ञान शिकवत होती. तिने कागदावर हिशेब मांडला. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची, म्हणजे १८०० वॅट-तास. यंत्र ३०० वॅटचे. भागाकार केला तर उत्तर सहा तास. हिशेब चोख होता, तरी तिचे मन मानेना.

तिची शंका रास्तच होती. अशा बॅटरीवर छापलेला १५० हा आकडा साधारणपणे २० तासांच्या मापाने दिलेला असतो. दर तासाला साडेसात अँपिअर घेतले, तर ती २० तास पुरते. हे यंत्र मात्र इनव्हर्टरमधली गळती धरून ३० अँपिअरच्या आसपास ओढते. शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या घाईने काढावी, तितकी ती एकूण कमी मिळते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हा नियम १८९७ साली मांडला. त्यामुळे नवी कोरी बॅटरीही या यंत्राला जेमतेम तीन तास पुरली असती. घरातली बॅटरी तर चार उन्हाळे पाहिलेली होती. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते आणि रायपूरचा पारा मे महिन्यात ४४ अंशांवर सहज जातो.

शेवटी तिने प्रत्यक्ष परीक्षा घ्यायचे ठरवले. परदेशात घरासारख्या मोटारगाड्यांतून फिरणारी कुटुंबेही प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या बॅटऱ्यांची अशीच चाचणी घेतात.

आधी बॅटरी हलवावी लागली. ती ठेवली होती देवघराखाली, वर रोज उदबत्ती जळत होती! चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. बॅटरी हवेशीर पडवीत गेली. मिस्त्रीने सहाही कप्प्यांत डिस्टिल्ड वॉटर पाहिले आणि पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटर लावला. पाच कप्प्यांचे आकडे १२२० च्या वर होते, सहावा ११५० वरच अडला. एक कप्पा दुबळा असला की सगळी बॅटरी दुबळी.

रविवारी दुपारी, बाबांना यंत्राची गरज नसताना, इनव्हर्टरचा मेन बंद करून यंत्र सुरू केले. सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे लागले. एक तास वीस मिनिटांनी इनव्हर्टर ओरडू लागला आणि यंत्र थांबले.

सहा तासांच्या भरवशावर घर झोपत होते. मुलाच्या तोंडून शब्द फुटेना. सुनेने लगेच मेन सुरू केला, कारण रिकामी बॅटरी तशीच ठेवली तर तिच्या पट्ट्या कायमच्या खराब होतात.

नव्या बॅटऱ्यांचा खर्च ऐकून बाबा म्हणाले, ‘‘माझ्यासाठी आता एवढा पैसा कशाला? किती दिवस राहिलेत असे?’’

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘दिवस मोजायचं काम तुमचं नाही. तुम्ही तास मोजा.’’ आणि त्यांनी त्यांची जुनी डायरी पुढे ठेवली.

दोन नव्या बॅटऱ्या आणि २४ व्होल्टचा साइन वेव्ह इनव्हर्टर आला. भार दोघींत वाटला गेल्यामुळे प्रत्येकीवरचा ताण निम्मा झाला, म्हणून टिकण्याची वेळ दुपटीहूनही जास्त वाढली. डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडरही खाटेजवळ आला, कारण यंत्रावर सगळा भरवसा टाकता येत नाही.

ही काळजी एकट्या घराची नाही. छत्तीसगडच्या ‘क्रेडा’ या सरकारी संस्थेने २०१२ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५७० प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या. तिथे रात्री होणारे बाळंतपणही बॅटरीच्या तब्येतीवर अवलंबून असते.

आपल्या घरात दमेकरी, म्हातारे किंवा तान्हे मूल असेल, तर बॅटरीची परीक्षा वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी जरूर घ्यावी. ज्या उपकरणासाठी ती हवी तेच लावावे, पण रुग्ण त्यावर अवलंबून असताना कधीही नाही. वारंवार मात्र बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, त्याने ती लवकर संपते.

नव्या बॅटऱ्यांच्या चाचणीचा हिशेब बाबांनी स्वतः ठेवला. रेल्वेच्या पद्धतीने, दर अर्ध्या तासाला एक नोंद, शेजारी व्होल्टचा आकडा. सहा तास झाले तेव्हा सुनेने चाचणी थांबवली. बाबांनी डायरीत शेवटची ओळ लिहिली: ‘‘१८.४० वाजता बंद. अजून शिल्लक आहे.’’