बफेलो नदीकाठचा मुक्काम

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील बेंटनव्हिल या गावाचे नाव आता अनेक मराठी घरांत परिचयाचे झाले आहे. वॉलमार्टचे मुख्यालय तेथे असल्याने संगणक क्षेत्रातील पुष्कळ भारतीय कुटुंबे त्या परिसरात राहतात आणि त्यांच्यापाठोपाठ, काही महिन्यांच्या मुक्कामासाठी, त्यांचे आईवडीलही येतात. आपण त्यांपैकी एक असाल तर एखाद्या दिवशी मुलगा किंवा सून म्हणेल, "या शनिवारी बफेलो नदीवर जाऊ. काठावरच तंबू ठोकू. जागेचे पैसेही पडत नाहीत." नातवंडे आनंदाने उड्या मारतील. आपल्या मनात मात्र निराळेच प्रश्न उभे राहतील. रात्री दोनदा उठावे लागते, त्याचे काय? जमिनीवरून उठताना गुडघे साथ देतील का? इन्सुलिन कोठे ठेवायचे? आणि सगळ्यांचा विरस नको म्हणून बहुधा आपण यांतले काहीच विचारणार नाही. ते विचारावे. या सहलीत नदी, ऊन, चालणे हे सारे निभावते. ज्येष्ठांची खरी परीक्षा रात्र घेते, आणि तिची तयारी घरीच करावी लागते.

प्रथम नदीविषयी. ओझार्क डोंगरांतून पूर्वेकडे वाहत जाऊन बफेलो व्हाइट नदीला मिळते. १९६०च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने तिच्यावर धरणे बांधण्याचे योजले होते. त्या योजनेविरुद्ध उभे राहिलेल्यांत अग्रणी होते नील कॉम्प्टन, आणि ते होते बेंटनव्हिलचेच एक डॉक्टर. त्यांनी १९६२ मध्ये ओझार्क सोसायटी स्थापन केली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस त्याच वर्षी या नदीतून होडीने गेले आणि देशभर तिच्याकडे लक्ष वेधले गेले. अखेर १ मार्च १९७२ रोजी बफेलो ही अमेरिकेची पहिली 'राष्ट्रीय नदी' ठरली. तिचा १३५ मैलांचा, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटरचा प्रवाह आजही मोकळा वाहतो. आत जाण्यास प्रवेशशुल्क नाही, आणि काठावरच्या गोट्यांच्या पट्ट्यांवर रात्र काढण्यास परवानाही लागत नाही.

मात्र ही फुकटची जागा कोणाला तरी महाग पडली आहे, हेही आपण जाणून असावे. नदी राष्ट्रीय झाली तेव्हा काठावरच्या अनेक कुटुंबांच्या जमिनी सरकारने विकत घेतल्या. ग्रॅनी हेंडरसन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एक वृद्धा पतीच्या निधनानंतर आपल्या गुराढोरांसह लाकडी घरात एकट्या राहत होत्या. उतारवयात त्यांना ते घर सोडावे लागले आणि त्यानंतर त्या फार काळ जगल्या नाहीत. त्यांचे रिकामे घर अजून उभे आहे. पायवाटेने जाणारे लोक तेथे थांबतात. वृद्धाला त्याच्या जागेवरून हलवणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी गावचे घर बंद करून मुलाकडे बस्तान हलवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता काठाकडे येऊ. पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रात जे वाळवंट आहे, तसाच येथे वळणावळणाला पट्टा असतो. पण वाळूऐवजी गोटे. समोर उंच कातळकडा, त्याच्या पायाशी हिरवट डोह, आणि अलीकडे हा पांढुरका गोट्यांचा पसारा. होडीने जाणारे याच पट्ट्यांवर राहुट्या ठोकतात. तेथे नळ नाही, शौचालय नाही, दिवा नाही, कचऱ्याची पेटी नाही. जे लागेल ते आपण न्यायचे आणि जे उरेल ते आपणच परत आणायचे. काचेच्या बाटल्या नदीवर नेण्यास मनाई आहे; तेव्हा लोणच्याची बरणी घरीच राहू द्यावी आणि औषधाच्या काचेच्या बाटलीबद्दल आधी रेंजरच्या कार्यालयात विचारावे. नदीचे वा झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये. शौचासाठी पाण्यापासून किमान २०० फूट दूर जाऊन सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा आणि तो बुजवायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. लहानपणी लोटा घेऊन बाहेर गेलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा उकिडवे बसता येत होते. आता अनेकांना येत नाही. यासाठी घडीची कमोड खुर्ची, तिला लावायच्या पिशव्या आणि आडोशाची छोटी राहुटी मिळते. भरलेल्या पिशव्या परत आणायच्या असतात. हे सामान नेण्याविषयी मुलाशी बोलताना संकोच वाटेल, पण बोलायलाच हवे. शौचाची सोय कशी होईल या धास्तीने वडीलधारी माणसे आदल्या दिवसापासून जेवण आणि पाणी तोडतात. मग चक्कर येते, मलावरोध होतो, आणि कारण कोणालाच कळत नाही.

जागा निवडताना सौंदर्य दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. डोंगराळ मुलखातली ही नदी पावसाने झपाट्याने चढते. आपल्या डोक्यावर आभाळ मोकळे असले तरी वरच्या अंगाला कोसळलेला पाऊस रात्री खाली पोहोचतो. याच आर्कान्सात, दुसऱ्या एका नदीकाठी, अल्बर्ट पाइक येथे ११ जून २०१० च्या पहाटे आलेल्या लोंढ्यात झोपेत असलेली २० माणसे दगावली. तेथे पाणी काही तासांत वीस फूट चढले होते. म्हणून पावसाचा अंदाज असेल तर काठावर झोपूच नये, मग कितीही दिवसांपासून बेत ठरलेला असो. आकाश स्वच्छ असले तरी पट्ट्याच्या सर्वांत उंच भागावर, मागे चढून जाण्यास सोपी वाट असेल तेथेच मुक्काम करावा. "सोपी" म्हणजे नातवाला सोपी नव्हे. अंधारात, घाईत, आपल्याला सोपी. दिवसा उजेडी ती वाट एकदा स्वतः चालून पाहावी. जमली नाही तर ती जागा आपली नाही.

गोट्यांवर चालणे हीही किरकोळ बाब नाही. ते पायाखाली फिरतात. घोट्याला आधार देणारे बूट आणि दोन्ही हातांत काठ्या असाव्यात; चपला किंवा सपाता तंबूच्या आतसुद्धा नकोत. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांना साधे पडणेही महागात पडते, आणि दरीत मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. रुग्णालय हॅरिसन या गावी आहे. कोठे जात आहोत, कोणत्या वळणावर थांबणार, केव्हा परतणार, हे मागे राहणाऱ्या कोणाकडे तरी लिहून ठेवावे. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात जुन्या दुखण्यांबाबत काय अटी आहेत, तेही त्याच वेळी वाचून घ्यावे.

मग येते रात्र. बफेलोकाठचे आकाश २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर 'काळोखी आकाश' म्हणून मान्यता पावले आहे. शेणाने सारवलेल्या अंगणात बाजेवर पडून आकाशगंगा पाहिल्याला कित्येकांना साठ वर्षे झाली असतील; ती येथे पुन्हा दिसते, आणि माझ्या मते सारी यातायात त्यासाठी करण्याजोगी आहे. पण थंड हवा जड असते, ती उतरून दरीच्या तळाशी साचते. वर गावात उबदार वाटत असताना ऑक्टोबरात नदीकाठी पारा १० अंशांच्या खाली जातो. म्हातारपणी शरीराला थंडीची जाणीव उशिरा होते. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि अंगाखाली जाड अंथरूण हवे, कारण गारवा वरून येतो त्याहून अधिक जमिनीतून येतो. त्यातही अंथरुणाऐवजी घडीची खाट अधिक बरी. गुडघ्याच्या उंचीच्या खाटेवरून बहुतेकांना स्वतः उठता येते. जमिनीवरून उठण्यास दुसऱ्याला हाक मारावी लागते, आणि हाक मारायला नको म्हणून लघवी रोखून धरली जाते.

रात्री उठताना आधी खाटेवर पाय सोडून दोन मिनिटे बसावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यास अंधारी येण्याचा संभव असतो, आणि येथे पडायला मऊ जागा नाही. कपाळाला बांधायची विजेरी उशाशी ठेवावी. लघवीचे भांडे खाटेजवळ असावे. पुरुषांसाठी ते सोपे, स्त्रियांसाठी वेगळ्या आकाराचे मिळते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने चुकवू नये. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये, ती दुपारी भट्टीसारखी तापते. बर्फाला चिकटूनही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. रात्री झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी विजेची सोय असलेल्या ठिकाणीच उतरावे हे बरे.

एक साधी चाचणी सुचवतो. जाण्याच्या आठवडाभर आधी मुलाच्या घराच्या मागच्या अंगणात तोच तंबू, तीच खाट लावून एक रात्र झोपून पाहावे. स्नानगृह दहा पावलांवर असताना काय अडते ते तेथेच कळते. सकाळी अंग आंबून गेले, झोप लागलीच नाही, तर बेत बदलण्यात कमीपणा नाही. दिवसभर नदीकाठी खुर्ची टाकून बसावे, डोहात पाय सोडावेत, संध्याकाळी जॅस्पर किंवा पॉन्का परिसरातल्या एखाद्या लाकडी घरात पाठ टेकावी. टायलर बेंड येथे नदीलगत, शुल्क भरून उतरण्याची जागा आहे. तेथे पाणी आणि शौचालये आहेत. पैसे द्यावे लागतात खरे, पण साठीनंतर फुकट जागेपेक्षा जवळचे शौचालय अधिक मोलाचे असते. ज्यांनी आता तिकडचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना घेतला आहे, त्यांना ६२ वर्षांनंतर ज्येष्ठांचा राष्ट्रीय उद्यान पास काढता येतो आणि अशा ठिकाणी मुक्कामाच्या शुल्कात सवलत मिळते.

विस्मरणाच्या आजाराच्या व्यक्तीला सांभाळणाऱ्यांसाठी मात्र मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. अशा व्यक्तीला रात्री काठावर ठेवू नये. संध्याकाळ झाली की त्यांचा गोंधळ वाढतो. अनोळखी तंबू, अनोळखी आवाज, आणि तंबूची साखळी उघडली की पन्नास पावलांवर खोल पाणी. सोबतचा माणूस कितीही सावध असला तरी दिवसभर दमल्यावर त्याला झोप लागणारच. त्यांना दुपारी पाण्याचा आवाज ऐकवावा आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी न्यावे. दुसरी गोष्ट अशी की, जी पत्नी किंवा जे पती वर्षानुवर्षे त्यांची सेवा करीत आहेत, त्यांना एखादी रात्र नदीवर एकटे जाऊ द्यावे. मुलाने किंवा मुलीने त्या रात्री घरी थांबावे. आईला "तू जा, बाबांजवळ मी आहे" असे नुसते म्हणून ती जाणार नाही. गोळ्यांचा कागद तिच्याकडून लिहून घ्यावा, आणि एक रात्र आधी तिच्या देखत सगळे करून दाखवावे. मग कदाचित जाईल.

ऋतूंविषयी थोडके. उन्हाळा टाळावा, उकाडा असतो, आणि गोचिडींचा सुळसुळाट. त्या भागातली 'लोन स्टार' जातीची गोचीड चावल्यावर काहींना मटण-गोमांसाची ॲलर्जी जडते. इतर गोचीड-ज्वरही तेथे आढळतात. पायमोज्यांत विजार खोचावी, झोपण्यापूर्वी काखा, जांघा, कानामागची जागा दुसऱ्याकडून तपासून घ्यावी, आणि घरी परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप किंवा पुरळ आल्यास डॉक्टरांना नदीकाठच्या मुक्कामाचा उल्लेख आवर्जून करावा. पुण्या-मुंबईला परतल्यानंतर ताप आला तर विशेषच. तेथील डॉक्टर डेंग्यू-मलेरियाच शोधत राहतील.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध सर्वांत चांगला. झाडे तांबूस-पिवळी झालेली असतात, पाणी उथळ आणि संथ. सकाळी उठल्यावर दरी धुक्याने भरलेली दिसेल. ऊन कड्यावरून खाली उतरेपर्यंत चहा घेऊन खाटेवरच बसून राहावे, घाई करू नये. परतताना बॉक्सली खोऱ्यातून जावे. या राज्यातून नाहीसे झालेले एल्क जातीचे मोठे हरीण १९८१ नंतर येथे पुन्हा आणून सोडण्यात आले आणि आता कळप कुरणांत चरताना दिसतात. त्या दिवसांत नर माजावर असतात आणि त्यांचे शिट्टीसारखे उंच ओरडणे दूरवर ऐकू येते. गाडीतून उतरू नये; काच खाली करून ऐकावे.