बरगे, साखळी आणि कळ

बेळगावहून निघून संकेश्वर मागे टाकले आणि तवंदीचा घाट उतरू लागले, की निपाणी दिसते. पूर्वी या उतारावरच तंबाखूचा उग्र दर्प नाकाला भिडे आणि आता गाव आले हे डोळे मिटूनही समजे. आता शिवारात उसाचे राज्य वाढले आहे. तंबाखू आहे, पण तो तोरा राहिलेला नाही. यंदा दसरा उलटल्यावर आम्ही उभयतां येथे आलो ते सौभाग्यवतींच्या मामांकडे. मामांचे घर वेदगंगेकाठी, आणि आमचे येणे नेमके बरगे घालण्याच्या दिवसांत पडले.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्या वाचकांना 'बरगे' हा शब्द कदाचित अपरिचित असेल. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याला दगडी वा काँक्रीटचे खांब असतात व खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की या खाचांतून फळ्या एकावर एक सोडायच्या. त्या फळ्या म्हणजे बरगे. जुन्या रीतीत फळ्यांच्या दोन रांगा करून मधल्या पोकळीत माती ठासत. पुढे लोखंडी बरगेही आले. पावसाळ्याच्या तोंडाशी ते सारे काढून घ्यायचे व नदीला वाट मोकळी करून द्यायची. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, भोज-कुन्नूर, मलिकवाड-दत्तवाड ही जोडनावे या भागात दर पावसाळ्यात बातमीत येतात, कारण हे बंधारे पुलाचेही काम करतात, आणि नदी चढली की प्रथम तेच पाण्याखाली जातात. मग समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी कोसांचा वळसा.

वेदगंगेचे पाणी पाटगावच्या धरणाकडून येते, दूधगंगेचे काळम्मावाडीकडून. दोन्ही धरणे महाराष्ट्रात. दोन्ही नद्या भोजजवळ भेटतात ते कर्नाटकात. पाण्याला सीमा ठाऊक नाही, ती बंधाऱ्यावरच्या माणसाला मात्र पक्की ठाऊक असते. बरगे घालण्यास उशीर झाला तर उन्हाळ्यात ऊस वाळतो. काढण्यास उशीर झाला तर पहिल्याच पुरात पाणी तुंबून शेतात पसरते. २०१९च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१च्या जुलैत वेदगंगेने यमगर्णीपाशी पुणे-बंगळूर महामार्गच अडविला होता. एवढ्या मोठ्या पुरापुढे बरग्यांचे काय चालणार! पण लहान पुराचे नशीब पुष्कळदा या फळ्यांवरच ठरते.

आम्ही सकाळी बंधाऱ्यावर गेलो तेव्हा पाचसहा माणसे आकड्यांना दोर बांधून एकेक बरगा खाचेत उतरवीत होती. वरचा माणूस दोर सैल सोडी, खालचा हाताने चाचपून 'हाऽ' म्हणे, की पुढचा. एक बरगा तिरपा बसला. तो वर ओढून खाचेतला गाळ खरवडण्यात पाऊण तास गेला. आम्ही सहज म्हटले, "येथे एखादे विजेचे यंत्र बसविले तर? एक कळ दाबली की काम झाले."

मामांनी आमच्याकडे पाहिले. "पावनं, हाताला कळतंय. कळीला काय कळणार?"

हे ऐकताच आम्हांला वेंगुर्ले आठवले. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून ये-जा करी. बेळगावकरांचा तो जुना समुद्र. गेल्या माघात आंबोलीमार्गे आम्ही तेथे गेलो असता एका यांत्रिक होडीतून समुद्रात फिरावयास निघालो. होडीवर नांगर उचलण्यासाठी विजेचा रहाट होता आणि तांडेलाला त्याचा मोठा अभिमान. परतीच्या वेळी वारा किनाऱ्याच्या खडकांकडे वाहू लागला. तांडेलाने कळ दाबली. आतून 'खट्' असा आवाज आला, रहाट मात्र ढिम्म. बॅटरी मागे, रहाट पुढे, मधल्या लांब तारांचे सांधे खाऱ्या हवेने हिरवे पडलेले. रहाटापर्यंत जोर पोचेना. तेव्हा त्याने इंजिन चालू करून होडी हळूहळू नांगराच्या माथ्यावर नेली. साखळी सैल पडली, ओझे हलके झाले, आणि रहाट फिरला.

खरी भीती त्यापुढेच होती. तांडेलाने कळ सोडली तरी रहाट थांबेना! वीज जोडणारे आतले दोन तुकडे ठिणगीने एकमेकांना चिकटून बसले होते, हे आम्हांला पुढे एका जाणत्या मिस्त्रीने सांगितले. त्या क्षणी दिसत होते ते एवढेच, की साखळी खडखडत आत येत आहे आणि एक कोवळा पोर ती हाताने धरावयास धावतो आहे. त्याची बोटे वाचली ती तांडेलाने मूळ खटका खेचून वीज तोडली म्हणून. उरलेली साखळी रहाटाला दांडा लावून हातानेच ओढली.

मामांनी हे लक्ष देऊन ऐकले. मग स्वतःच तुंगभद्रेचा विषय काढला. २०२४ साली, १० ऑगस्टच्या रात्री, त्या धरणाच्या ३३ दरवाज्यांपैकी १९ क्रमांकाच्या दरवाज्याची साखळी तुटली व दरवाजा वाहून गेला. धरणात पाणी काठोकाठ. भार कमी करण्यासाठी इतर दरवाजे उघडून पाणी सोडणे भाग पडले. अखेर १७ ऑगस्टपर्यंत त्या मोकळ्या खिंडारात लोखंडी फळ्या क्रेनने एकावर एक उतरवून ते बुजविले गेले.

"म्हणजे बरगंच की!" मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान लपेना.

आम्ही यंत्राचे शत्रू नव्हे. बरगे ओढताना पाय घसरून नदीत पडण्याचे भय आहेच, आणि साठी उलटलेल्या मामांच्या कंबरेने या कामाची किंमत मोजली आहे. इकडे राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला आले की आपोआप उघडतात, त्यांचे कौतुक सारा परिसर करतो. हिडकलसारख्या ५१ टीएमसी पाण्याच्या धरणाचे दरवाजे काही कोणी दोर लावून ओढणार नाही. तेव्हा मामांचे बोलणे आम्ही पुरते मान्य केले नाही, व तसे म्हणूनही दाखविले. त्यांनी फक्त चंची उघडली.

दुपारी शेवटचा बरगा बसला. खालच्या अंगाला पाणी ओसरू लागले, वरच्या अंगाला नदी हळूहळू पसरून स्तब्ध झाली. पलीकडे कोणीतरी पंप सुरू करून पाहिला. मामांनी उरलेले बरगे मोजले, दोर गुंडाळला, आकडे एका पोत्यात घालून पोते बंधाऱ्यालगतच्या खोलीत नेहमीच्या खुंटीला अडकविले, आणि मग एकदम आमच्याकडे वळून विचारले,

"त्या तांडेलानं रहाटाचा दांडा कुठं ठेवला हुता?"

"जाळ्यांच्या खाली," आम्ही सांगितले.

"सापडायला किती येळ लागला?"

अर्धा तास लागला होता. तेवढा वेळ नांगर अधांतरी लोंबत होता, आणि इंजिन कसेबसे होडीला खडकांपासून दूर धरून होते.