शंकेखोर

आमची आजी जन्माची शंकेखोर. दिवाळीत ती आधी एकच अनारसा तुपात सोडी. तो ‘हसला’, म्हणजे पसरून विरला, तर गूळ जास्त. मग सारे पीठ सुधारून घ्यायचे. आणि कढई चढवण्यापूर्वी आम्हां पोरांना स्वैपाकघराबाहेर पिटाळायचे. अनारसा हसो न हसो, आम्ही मात्र आजीला हसत असू.

पुढे मी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर झालो, आणि शंका काढण्याचाच मला पगार मिळू लागला! काय काय बिघडू शकेल ते आधीच लिहून काढण्याची ही रीत अमेरिकन लष्कराने १९४९ साली घालून दिली. आमच्या वेळी प्रत्येक संभाव्य बिघाडाला एक ते दहापर्यंतचे तीन आकडे देत: तो किती घातक, किती वेळा घडेल, आणि वेळीच ध्यानात येणे किती अवघड. गुणाकार ज्याचा मोठा, त्याची काळजी आधी.

एका जुन्या प्रेसचा तक्ता मी मोठ्या ऐटीत भरला. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावाचून ती चालत नसे. मग बोटे आत राहतीलच कशी? बोट चिरडण्याचे गुण झाले १० × २ × २, म्हणजे ४०. पत्र्यावरच्या ओरखड्याचे ४ × ५ × ५, म्हणजे १००! आम्ही ओरखड्याच्या मागे लागलो.

एक म्हातारा कामगार म्हणाला, “साहेब, घाई असली की पोरं एका बटणात पाचर मारून ठेवतात.”

“बघू,” मी म्हणालो.

दिवाळीपूर्वीच्या घाईत एका पोराचे बोट गेले. मी त्याच्या घरी गेलो, तर त्याच्या आईने फराळाची बशी माझ्यापुढे ठेवली. त्यातली चकली माझ्या घशाखाली उतरेना.

दर खेपेला दोन्ही बटणे सोडून पुन्हा एकदम दाबल्याखेरीज प्रेस चालू नये, अशी जोडणी मग आम्ही केली. काम अवघ्या दोन दिवसांचे होते.

२०१९ साली मोटारधंद्याच्या नव्या पुस्तिकेने तो गुणाकार बाजूला ठेवला आणि घातकपणाला पहिला मान दिला. मला आजी आठवली. तिला कुठे गुणाकार येत होता? पण अनारशाची शंका तिला नंतर येई. आधी ती पोरांना बाहेर काढी.